ती काय म्हणाली?

गेल्या जुलैतला शेवटचा शनिवार. आमच्या सोसायटीतल्या आठ-नऊजणी महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमतो, चहा होतो आणि एखाद्या पुस्तकावर बोलणं होतं. त्या दिवशी पाळी माझी होती. बाहेर पुण्याचा भुरभुर पाऊस, आत कांदाभज्यांचा वास, दाराशी उघड्याच ठेवलेल्या छत्र्या आणि त्यांच्याखाली फरशीवर पसरत चाललेलं पाणी. मी झोरा नील हर्स्टन या काळ्या अमेरिकन लेखिकेची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ निवडली होती. फ्लोरिडातल्या जेनी नावाच्या काळ्या बाईची ही कादंबरी १९३७ साली आली. इतर कुणी ती वाचलेली नव्हती, म्हणून मी गोष्टच सांगत होते. जेनीची तीन लग्नं, आणि त्या तिन्हींतून वाट काढत स्वतःपाशी येऊन पोचलेली ती. मी रंगात आले होते. तिसऱ्या नवऱ्यानं, टी केकनं, तिला रात्री मासे धरायला कसं नेलं, बंदूक कशी शिकवली, चाळिशीतल्या बाईला पुन्हा हसायला कसं लावलं, हे सगळं हातवारे करत सांगितलं. मग मधलं एक वाक्य घाईनं उरकलं. “एकदा त्यानं तिला मारलंही, पण तो काळच तसा होता,” असं काहीतरी म्हणून मी गोष्टीतल्या पुढच्या वादळाकडे वळले.

कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत तळमजल्यावरच्या काकू बसल्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या. वर्षभर नेमानं यायच्या, मांडीवर रुमालाची घडी ठेवून ऐकायच्या. बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“थांब,” त्या म्हणाल्या. “मारलं तेव्हा ती काय म्हणाली?”

पुस्तक हातातच होतं. सतरावं प्रकरण उघडलं, पेन्सिलीच्या खुणांवरून नजर फिरवली. मागचं पान, पुढचं पान. सगळ्याजणी वाट बघत होत्या आणि मला जेनीचं एक वाक्य मिळत नव्हतं. ती कादंबरी मी चार वेळा वाचलेली आहे. “काही म्हणाली नाही,” मी शेवटी म्हटलं, आणि लगेच एका समीक्षिकेचं मत पुढं केलं, मौनसुद्धा कसं बोलतं वगैरे. काकूंनी मान हलवली. तेवढ्यात चहा आला. सगळ्याजणी गेल्यावर कप विसळताना माझ्या लक्षात आलं, मी त्यांना उत्तर दिलंच नव्हतं. त्यांना समीक्षा नको होती. त्यांना त्या बाईचं काय झालं ते हवं होतं.

त्या रात्री मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून धरलं.

सोळा वर्षांची जेनी फुललेल्या नाशपातीच्या झाडाखाली उताणी पडून मधमाश्या बघत असते. फुलात शिरणारी माशी आणि तिच्यासाठी उमललेलं फूल बघून तिला वाटतं, लग्न म्हणतात ते हेच असणार. त्याच दुपारी फाटकाशी एका पोराला तिचा मुका घेताना आजी बघते आणि ठरवून टाकते, हिचं लग्न आता लांबवायचं नाही. मुलगी नाही म्हणते, तेव्हा आजी तिच्या थोबाडीत मारते आणि मग तिलाच मांडीवर घेऊन रडत बसते. ही आजी गुलामीत जन्मलेली. मालकाकडून झालेली मुलगी कडेवर घेऊन दलदलीत लपून राहिलेली. तिची ती मुलगी, म्हणजे जेनीची आई, सतराव्या वर्षी शाळेच्या मास्तरानं नासवलेली. या आजीला नातीसाठी प्रेम नको असतं, छप्पर हवं असतं. ती सांगते, गोरा माणूस ओझं खाली टाकतो आणि काळ्याला उचलायला लावतो. काळा ते उचलतो, पण वाहत नाही, आपल्या घरच्या बायकांच्या हवाली करतो. काळी बाई म्हणजे सगळ्या जगाचं खेचर. आणि हेच आपल्या नातीला चुकावं म्हणून ती तिला साठ एकरांच्या धन्याला, लोगन किलिक्सला, देऊन टाकते. जेनी पुढं म्हाताऱ्या आजीचा मनापासून तिरस्कार करते, आणि तरुणपणी वाचताना मीही करायचे. आता नाही करू शकत. दलदलीत तान्ह्या पोरीला छातीशी धरून रात्र काढलेल्या बाईनं क्षितिज कशासाठी बघावं? तिला चार भिंती दिसल्या तर त्यात तिचं काय चुकलं?

लोगन वाईट माणूस नाही. पण तो पाय धुतल्याशिवाय अंथरुणात येतो, आणि जेनीची तक्रार नेमकी तीच आहे. प्रेम वाटत नाही, हे ती सांगतेच. पण लक्षात राहतं ते तिनं आजीला त्याच्या पायांबद्दल सांगितलेलं. पाणीसुद्धा मी काढून ठेवते, तरी धूत नाही, म्हणते. लग्न मोडतं ते असल्या बारीक गोष्टींवरून, हे ठाऊक असलेल्या लेखिकेचाच हा हात आहे. मग एके दिवशी तो म्हणतो, दुसरं खेचर आणायला चाललोय, बाईमाणसालाही नांगराला धरता येईल असं गरीब. आजीनं जे चुकवायला लग्न लावलं, तेच दारात येऊन उभं राहतं. त्याच दिवसांत रस्त्यानं शर्टाच्या बाह्यांना रेशमी पट्टे लावलेला, डोक्यावर तिरपी टोपी घातलेला, जो स्टार्क्स नावाचा माणूस चालत येतो आणि जेनी त्याच्याबरोबर निघून जाते.

जो तिला ईटनव्हिलला आणतो. हे गाव खरंच आहे. फ्लोरिडात १८८७ साली काळ्यांनी स्वतः स्थापन केलेलं, स्वतः चालवलेलं. हर्स्टन तिथंच लहानाची मोठी झाली, तिचे वडील तिथले मेयर होते. कादंबरीत जो मेयर होतो, दुकान घालतो, गावात पहिला दिवा लावतो. दुकान उघडण्याच्या कार्यक्रमात लोक म्हणतात, मेयरीणबाईंनी दोन शब्द बोलावेत. जो मध्येच उठतो आणि म्हणतो, माझ्या बायकोला भाषणबिषण काही येत नाही, तिची जागा घरात. जेनीला आपण बोललो असतो की नाही हेसुद्धा माहीत नसतं. पण विचारायच्या आत उत्तर दिलं गेलं, हे तिच्या मनात राहतं. दुकानाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी गप्पांचा फड जमतो, थापा, कोट्या, एका हाडकुळ्या पिवळ्या खेचरावरच्या गोष्टी. जेनीला त्या सगळ्या आवडतात, स्वतःलाही एक-दोन सुचतात. पण तिनं आत वजनं करायची, पीठ मोजायचं. केस फडक्यात बांधून.

ओट्याचं आलं की मला आमचं गाव आठवतं. कऱ्हाडजवळ, कृष्णेच्या काठाला. आमच्या घराला पुढं शहाबादी फरशीचा रुंद ओटा होता, दुपारभर उन्हात तापून संध्याकाळी कोमट झालेला. दिवेलागणीनंतर आजोबा आणि त्यांचे तीन सोबती तिथं मेंढीकोट मांडायचे. कंदील, तंबाखूच्या चंच्या, पानं फेकताना घोंगडीवर होणारा तो ओला फटका. आजी आतल्या खिडकीशी भाकरी थापत असायची. तिला बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. तेवढ्यावर ती डाव लावायची. तव्यावर भाकरी टाकून, पीठ लागलेल्या बोटांनी मोजत पुटपुटायची, “चौकटची दश्शी आजून त्याच्याकडंच हाय. ह्यास्नी कळत न्हाई.” आणि खरोखर शेवटच्या हाताला चौकटची दश्शी बाहेर यायची आणि आजोबा कोट खायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. मी म्हटलं, “आज्जे, तू का नाही खेळत?” तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी नदीवर घर बांधायचं म्हटलं असावं. रागानं नाही. हा प्रश्न कुणाला पडू शकतो, याचंच तिला नवल वाटलं.

आजोबा चांगले होते. त्यांनी तिला कधी हात लावला नाही, घरात कशाला कमी पडू दिलं नाही. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम लिहितेय, कारण त्यांचा माझ्यावर फार जीव होता. पण पन्नास वर्षांत एका संध्याकाळी त्यांनी खिडकीकडे वळून “बस गं” म्हटलं असतं, तर काय झालं असतं?

टी केक पहिल्यांदा दुकानात येतो तेव्हा नेमकं हेच करतो. जो मेलेला असतो, जेनी विधवा आणि पैसेवाली. हा उंच, तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान पोरगा गल्ल्यापाशी टेकतो, इकडंतिकडं बोलतो आणि सोंगट्यांचा पट मांडून म्हणतो, चल, खेळू. जेनीला खेळ येत नसतो. जो म्हणायचा, हे तुझ्या डोक्याला झेपायचं नाही. आणि इथं कुणीतरी तिला समोर बसवून शिकवत असतं, आपण खेळावं यात त्याला काहीच वावगं वाटत नसतं. तेवढ्यानं ती आतून उजळते. स्त्रीवाद्यांनी टी केकबद्दल पुढं जे काही लिहिलं, कौतुकाचं आणि रागाचं, ते सगळं वाचूनही या पानाशी मी हटकून थांबते. आजोबा गेल्यावर आम्ही नातवंडांनी आजीला एका मे महिन्यात मेंढीकोटला बसवलं होतं. तिची बोटं थरथरत होती, पत्ते पंख्यासारखे धरता येत नव्हते, म्हणून तिनं ते पदरात उलटे मांडून घेतले. आणि तिनं आम्हाला ओळीनं चार कोट दिले. चौथ्या कोटाला ती हसली नाही. पत्ते गोळा केले, कडा जुळवल्या, आणि ती उठून न्हाणीघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

या कादंबरीचं नशीबही बायकांसारखंच. ती आली त्याच वर्षी रिचर्ड राइटनं, म्हणजे काळ्यांच्या लेखनातल्या तेव्हाच्या सगळ्यात उगवत्या नावानं, लिहिलं की हिच्यात ना विषय, ना संदेश, ना विचार. बोलीभाषा वापरून ही बाई गोऱ्या वाचकांना हसवते, असाही आरोप केला. लिंचिंगच्या, म्हणजे जमावानं काळ्यांना ठार मारण्याच्या काळात एक बाई नाशपातीच्या झाडाबद्दल, नवऱ्यांबद्दल, मासे धरण्याबद्दल लिहिते, याचा त्यांना राग आला असणार. तो राग मला समजतो. पण बाईच्या घरातल्या गोष्टीत विषय नसतो, हे ठरवलं कुणी? कादंबरी बाजारातून नाहीशी झाली. हर्स्टन जानेवारी १९६० मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट पियर्सला, सरकारी आश्रयगृहात राहत असताना वारली. पुरायला लोकांनी वर्गणी काढली, थडग्यावर दगड बसला नाही. १९७३ मध्ये अ‍ॅलिस वॉकर ही काळी लेखिका तिची भाची असल्याचं खोटंच सांगत तिथं पोचली, कमरेएवढ्या गवतात ती जागा शोधली आणि स्वतः दगड बसवला. त्यावरचा तिचा लेख १९७५ मध्ये आला, १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनानं कादंबरी पुन्हा छापली, आणि मग अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी तिला उराशी धरलं. त्याआधी पुस्तक मिळत नव्हतं तेव्हा झेरॉक्स प्रती हातोहात फिरायच्या.

त्यांना जेनीमध्ये काय दिसलं ते उघड आहे. प्रेम शोधणारी, स्वतःचं ऐकणारी, मुलंबाळं नसलेली, आणि त्याबद्दल शिक्षा न झालेली बाई. पण लगेच शंकाही आल्या. ही सापडते ती प्रत्येक वेळी कुठल्या तरी पुरुषाचा हात धरूनच का? तिसरा नवरा मेला नसता तर ती सापडली असती का? आणि सगळ्यात मोठी शंका कोर्टाची. चक्रीवादळात पिसाळलेला कुत्रा चावून टी केक वेडा होतो, तिच्यावर पिस्तूल रोखतो, आणि जेनीला त्याला गोळी घालावी लागते. खटला चालतो. गोऱ्या पुरुषांची ज्युरी, मागं उभे काळे पुरुष तिच्या विरुद्ध कुजबुजत. जेनी साक्ष देते, आणि हर्स्टन तिचा एकही शब्द आपल्याला ऐकवत नाही. १९७९ मध्ये मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या संस्थेच्या अधिवेशनात रॉबर्ट स्टेप्टो या अभ्यासकानं यावर बोट ठेवलं: जिला आवाज सापडला म्हणता, ती ऐन वेळी मुकी कशी? तेव्हा अ‍ॅलिस वॉकर श्रोत्यांमधून उठली आणि म्हणाली की पुरुषांना वाटेल तेव्हा बाईनं बोललं पाहिजे असं नाही. कुठं बोलायचं आणि कधी, ते ती ठरवेल. मेरी हेलन वॉशिंग्टन या अभ्यासिकेनं हा प्रसंग पुढं या कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता. काकूंना जे घाईघाईचं उत्तर दिलं ते इथूनच उचललेलं.

पण ते उत्तर तिथं लागू नव्हतं. कोर्टात जेनी बोलते, हे तरी आपल्याला सांगितलेलं आहे. सतराव्या प्रकरणात तेही नाही.

म्हणून मी जुळवून बघितलं. जोनंही तिला मारलं होतं. एके दिवशी जेवण बिघडतं, मासा हाडाशी कच्चा, भात करपलेला, पाव गिच्च. कान गुंगेस्तोवर तो मारतो आणि दुकानात निघून जातो. जेनी जिथल्या तिथं उभी राहते. तिच्या आतल्या फळीवरून काहीतरी खाली पडतं, ती आत जाऊन बघते तर ती जोची मूर्ती असते, फुटलेली. मग तिला कळतं, ही कधी त्याची नव्हतीच, आपण आपल्याच स्वप्नांना त्याचं रूप दिलं होतं. त्या दिवसापासून तिला एक आत आणि एक बाहेर होतं, आणि ती दोन्हीची भेसळ होऊ देत नाही. बार्बरा जॉन्सन या समीक्षिकेनं याच क्षणाला जेनीच्या आवाजाची सुरुवात म्हटलं आहे, आणि मला ते शंभर टक्के पटतं. पाच बोटांची एक थप्पड, आणि लेखिका आपल्याला त्या बाईच्या आत हात धरून घेऊन जाते.

टी केक मारतो तेव्हा कारण काय? एका बाईला आपला भाऊ जेनीशी जुळवायचा असतो. जेनीनं काही केलेलं नसतं. टी केकच्या पोटात भीती असते, ती त्याला झाडून टाकायची असते. फार काही नाही, थोडं इकडंतिकडं मारलं, मालक कोण ते दाखवायला, असं निवेदन सांगतं. दुसऱ्या दिवशी घेवड्याच्या शेतात त्याचीच चर्चा. तो तिला कसा कुरवाळतो, ती त्याला कशी बिलगते, बघून बायापुरुष हेवा करतात. मग पुरुष बोलतात. एकजण म्हणतो, तुझी बायको गोरटेली, कुठं कुठं मारलंस ते वळ दिसतात, नशीबवान आहेस. तीच जेनी आहे, तोच मार आहे, आणि आत जायचं दार बंद आहे. थोड्या पानांपूर्वी तिनंही त्याच्यावर हात उगारला होता, एका पोरीशी तो झोंबाझोंबी करताना दिसला म्हणून. तिथं तिचा राग आपल्याला आतून कळतो. इथं ती फक्त बाहेरून दिसते, वळांसकट.

हर्स्टनला दार उघडता आलं नाही, की उघडायचं नव्हतं? तिची स्वतःचीही तीन लग्नं झाली, १९२७, १९३९ आणि १९४४ मध्ये. टिकलं एकही नाही. पण जेनीची गोष्ट त्या तिघांतून आलेली नाही. ती आली एका चौथ्यातून, तिच्याहून बऱ्याच लहान असलेल्या एका तरुणातून. त्याला लग्न हवं होतं आणि तिनं लिहिणं-फिरणं सोडावं असं वाटत होतं. १९४२ च्या आत्मकथनात तिनं लिहिलंय की एका रात्री तिनं त्याच्या थोबाडीत मारली आणि त्यानं ती व्याजासकट परत केली. हाडं मोडली नाहीत, डोळा काळा झाला नाही, हे ती आवर्जून सांगते. त्याच्यापासून सुटायला ती गुगेनहाइम शिष्यवृत्ती घेऊन कॅरिबियन बेटांवर गेली आणि १९३६ च्या अखेरीस हैतीत, सात आठवड्यांत, ही कादंबरी लिहून काढली. त्याच्याविषयीची सगळी माया तिनं त्यात जपून ठेवायचा प्रयत्न केला, असं तीच म्हणते. सात आठवडे. ज्याच्यापासून पळून आलो त्याच्यावरची माया ताजी असताना त्याचा हात कसा लिहायचा? जोचा हात लिहिणं सोपं होतं, त्याच्यावर तिचं प्रेम नव्हतं. मी तिला माफ करत नाही आणि दोषही देत नाही. एवढंच म्हणते की ते दार बंद आहे हे बघितलं पाहिजे, आणि माझ्यासारखीनं तिथून घाईघाईनं वादळाकडे पळू नये.

असंही एक वाचन आहे की लेखिकेनं त्या माराचा हिशोब पुढं चुकता केलाच. १६ सप्टेंबर १९२८ ला ओकीचोबी सरोवराचा बांध फुटला, ते चक्रीवादळ खरं होतं. किमान अडीच हजार माणसं गेली, बहुतेक काळी मजूर. वेस्ट पाम बीचमध्ये ६७४ काळ्यांना पेटीविना एका खड्ड्यात पुरलं. कादंबरीत टी केकला बंदुकीच्या धाकावर प्रेतं उचलायला लावतात, गोरं कुठलं काळं कुठलं ते निवडायला, कारण पेट्या फक्त गोऱ्यांसाठी. या सगळ्यातून वाचलेला माणूस बायकोच्या गोळीनं मरतो. हिशोब म्हणावा तर म्हणता येईल. मला तसं वाटत नाही. ती गोळी घालून जेनी त्याचं डोकं मांडीवर घेते, आणि तिथं मला फक्त रडू येतं.

ऑगस्टमध्ये मी काकूंकडे गेले. म्हटलं, त्या दिवशी मी नीट उत्तर दिलं नाही, तुम्हाला पुस्तक पूर्ण ऐकायचंय का? इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, बुधवारी दुपारी ये. तेव्हापासून दर बुधवारी मी त्यांच्या मागच्या पायरीवर बसून वाचते, वाक्यावाक्याला मराठी करत. तळमजल्याच्या त्या पायरीपुढं कढीपत्ता, एक तगर, धुण्याचा दगड. त्या वरच्या पायरीवर, मी खालच्या. दिवाणखान्यात काकांचा चंदनाचा हार घातलेला फोटो. काका सोसायटीचे पहिले चेअरमन, पंधरा ऑगस्टचं भाषण त्यांचंच असायचं. जेनीच्या आजीचं बोलणं वाचायला लागले आणि माझ्या तोंडून माझ्या आजीची भाषा यायला लागली. “काळी बाई म्हंजी समद्या जगाचं खेचर हाय, पोरी.” प्रमाण मराठीत ते वाक्य उभंच राहीना. राइटला ज्या बोलीची लाज वाटली, तिच्याशिवाय या बायकांना बोलताच येत नाही, हे मला तोंडानं मोठ्यानं वाचेपर्यंत कळलं नव्हतं. काकू ऐकता ऐकता हात चालू ठेवायच्या. मेथी निवडणं, लसूण सोलणं. लोगनच्या पायांपाशी त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. जोच्या मरणानंतर जेनी आरशापुढं उभी राहून डोक्याचं फडकं सोडते, केस मोकळे करून स्वतःला बघून घेते, मग पुन्हा घट्ट बांधते आणि चेहऱ्यावर दुःख चढवून लोकांना सांगायला खिडकी उघडते. ते मी वाचलं तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत. “परत वाच” म्हणाल्या. मी परत वाचलं.

जेनी ही सगळी गोष्ट सांगते तीही मागच्या पायरीवरच. पुढच्या ओट्यावर गाव बसलेलं असतं, ही कोण, कुठून आली, तरुण नवऱ्यानं लुबाडून टाकलं का, म्हणत. त्यांना ती काही सांगत नाही. मैत्रीण फीबी मागच्या दारानं भाताचं भांडं झाकून घेऊन येते. जेनीनं दिव्यांत तेल भरून काचा पुसून ठेवलेल्या असतात. ती जेवते, पाय पाण्यात सोडते आणि बोलायला लागते. गावाला काय सांगायचं ते तूच सांग, माझी जीभ तुझ्या तोंडात आहे, असं म्हणते. पाय धुण्यापासून सुरू झालेली तक्रार, आणि शेवटी ही आपले थकलेले पाय आपणच धुणारी बाई. हे माझ्या ध्यानात काकूंकडे वाचताना आलं, आधीच्या चार वाचनांत नाही.

हे लिहिण्याआधी मी काकूंना विचारलं. “दारापर्यंत लिही,” त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतरच्या बुधवारी सतरावं प्रकरण आलं. थंडी पडायला लागली होती. काकूंनी वाल भिजवून मोड आणले होते आणि कोमट पाण्याच्या पातेल्यात घालून सोलत होत्या. बोटांनी चिमटलं की साल सुटते आणि आतला पांढरा दाणा निसटून उडी मारतो, तो त्या तळव्यात धरायच्या. या वेळी मी काही गाळलं नाही. मालक कोण ते दाखवायला, वाचलं. शेतातली चर्चा वाचली. वळ दिसतात, तेही वाचलं. पानाच्या शेवटी थांबले.

“झालं?” काकूंनी विचारलं. “ती?”

“तिचं काही नाही, काकू. पुढं दुसरीच गोष्ट सुरू होते.”

त्या बराच वेळ पातेल्यात बघत राहिल्या. पाणी गढूळ झालं होतं, वर साली तरंगत होत्या.

“ही सगळी गोष्ट ती त्या मैत्रिणीला सांगतेय ना? पायरीवर बसून?”

“हो.”

“मग एवढं तिनं सांगितलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “शेतातले पुरुष आपसात काय बोलले ते तिला कुठून ऐकू येणार? हे दुसऱ्याच कुणीतरी सांगितलंय. इथं ती गप्प बसली असणार. आणि त्या मैत्रिणीनं विचारलं नसणार.”

इतक्या समीक्षा वाचल्या, हे मला कुठं भेटलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं. जुलैपासून मी एकच प्रश्न उलटासुलटा करत होते, आणि तो ज्यांनी विचारला त्यांना मी काहीच विचारलं नव्हतं.

“काकू,” मी म्हटलं, “तुम्ही काय म्हणाला होतात?”

त्यांनी हातातला दाणा पातेल्यात टाकला, ओले हात पदराला पुसले, आणि मागं वळून आत, दिवाणखान्याकडे बघितलं.

“दार लोट जरा,” त्या म्हणाल्या.